बिस्किटाच्या डब्याचं झाकण

सोमवार, २ सप्टेंबर २०२४

ही डायरी कंपनीने दिली. निळा पुठ्ठा, आणि दर महिन्याच्या सुरुवातीला एक कोरं पान, त्यावर छापलेलं ‘माय गोल्स’. आमचं पंप दुरुस्तीचं वर्कशॉप जुलैत डच लोकांनी विकत घेतलं, तेव्हापासून असल्या वस्तू वाटल्या जाताहेत. चोपन्नाव्या वर्षी माझं गोल एकच आहे, मुलीची, ईशानीची, बारावी होईपर्यंत नोकरी टिकावी. ते छापील पानावर लिहिण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो. ऑफिसात मराठी वाचणारे दोघेच, आमचा इंजिनिअर निखिल आणि स्टोअर सांभाळणारे अजीजभाई. शिवाय डायरी घरीच राहणार आहे.

आज नव्या साहेबीणबाई आल्या. नाव हानेके. पन्नाशीच्या, उंच, स्वतःची बॅग स्वतः उचलतात. आल्या आल्या सगळ्यांना उभं करून सांगितलं की ऑक्टोबरअखेर जुन्या चार जागा बंद होतील. त्यात माझी वर्कशॉप कोऑर्डिनेटरची आहे. त्याऐवजी एक सर्व्हिस मॅनेजर नेमायचा, तो कोण ते बाई महिनाभर काम बघून ठरवणार. एवढी वाईट बातमी, पण आधी कशी तब्येत, कशी मुलंबाळं, काही नाही. आपल्याकडे मयताची खबर देतानासुद्धा माणूस आधी पाणी विचारतो.

घरी सांगितलं. जागा गेली की व्हिसा गेला, मग शारजातलं हे अल मजाजचं घर आणि ऐन बारावीत ईशानीची शाळा. सुचित्रा म्हणाली, “अहो, मग सांगा ना त्यांना सरळ, मला ती जागा हवीये म्हणून.”

एकोणीस वर्षं ज्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला आणि मूठ कानाला लावून आत कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगितलं, त्याने हात पसरायचा? आपण मागत नसतो. लोक देतात, आपण नको म्हणतो, ते आग्रह करतात, मग आपण घेतो. सुचित्राला हे कळायला हवं होतं.

मंगळवार, ३ सप्टेंबर

एक वाजता आमचं टेबल लागतं. माझा डबा, निखिलचा डबा, अजीजभाईंच्या घरची मच्छी. निखिल आणि अजीजभाई सगळ्यातलं सगळं खातात, मी मच्छी सोडून. आज बाई येऊन आमच्यात बसल्या. आम्ही जरा सरसावून बसलो.

पिशवीतून त्यांनी ब्रेडचे दोन स्लाइस काढले. लोणी लावलं. मग एक खोकं काढून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पसरले, आपण वाढदिवसाच्या केकवर घालतो तसले. वर एक ग्लास थंडगार लबान, म्हणजे इथलं ताक. बारा मिनिटांत खलास.

“मॅडम, लंच?” अजीजभाईंनी फार काळजीने विचारलं.

“हेच लंच,” बाई म्हणाल्या. त्यांच्याकडे गरम जेवण दिवसातून एकदाच, संध्याकाळी सहाला. दुपारी ब्रेड. मोठमोठे साहेबसुद्धा हेच खातात म्हणे. त्या दाण्यांना ‘हागेलस्लाख’ म्हणतात. शेवटचं अक्षर घसा खरवडून काढायचं असतं. अजीजभाईंना पहिल्याच झटक्यात जमलं.

बाई गेल्यावर अजीजभाई म्हणाले, “गुणवंतभाई, अर्धी दुनिया खोदली ह्या लोकांनी, समुद्र मागे हटवला. ते काय ब्रेडवर साखर खाऊन?”

मला बाईंची दया आली. खाण्यापिण्याची हौस नसलेल्या माणसाला कामाची तरी कदर कशी असणार, ही एक शंकाही आली.

सोमवार, ९ सप्टेंबर

शनिवारी गणपती बसले. सुचित्राने एकवीस उकडीचे मोदक केले आणि उरलेले मी आज ऑफिसात नेले. बाईंना एक दिला. त्यांनी डोळे मिटून सावकाश खाल्ला, आणि म्हणाल्या, “व्हेरी गुड. रिअली व्हेरी गुड.”

मी दुसरा पुढे केला. “नो, थँक यू.” मी म्हटलं, घ्या हो. “नो, थँक यू.” मी म्हटलं, देवाचा प्रसाद आहे, आणि त्यांच्या बशीत ठेवून दिला.

बाईंनी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मी दोनदा नाही म्हणाले. तुम्हाला ऐकू आलं नाही का?”

रागावल्या नव्हत्या. खरोखर विचारत होत्या. निखिल खाली बघून हसत होता. मोदक अजीजभाईंनी उचलून खाल्ला आणि विषय मिटवला. आता आग्रह म्हणजे काय हे इंग्रजीत कसं सांगायचं? शब्दच नाही त्यांच्याकडे. ज्या भाषेत आग्रहाला शब्द नाही, त्यांच्या पंगतीत माणूस उपाशीच उठणार.

घरी एक मोदक राहिला होता. सुचित्राला विचारलं, खातेस का? ती नको म्हणाली, म्हणून मी खाल्ला.

गुरुवार, १२ सप्टेंबर

रोज अकराला बाईंच्या केबिनमध्ये कामाची चर्चा असते. कॉफी येते. मग बाई खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढतात. झाकण उघडतात, डबा एकेकापुढे धरतात. आज माझ्यापुढे धरला. मी रिवाजाप्रमाणे “नो नो, मॅडम” म्हटलं. डबा निखिलकडे गेला, त्याने लगेच उचललं. मग झाकण टक्कन बंद आणि डबा खणात.

मी वाट पाहत राहिलो. पंपांच्या ऑर्डरीवर चाळीस मिनिटं बोलणं झालं, डबा काही परत आला नाही. निखिलचं बिस्किट वेगळंच होतं. दोन पातळ चकत्या, मध्ये गुळाच्या पाकासारखं काहीतरी. त्याने ते बाईंचं बघून गरम कपावर झाकणासारखं ठेवलं, मऊ झाल्यावर खाल्लं. वास माझ्यापर्यंत आला.

आणि ज्याला मिळालं त्यालाही एकच. डब्यात वीस तरी असतील.

सोमवार, १६ सप्टेंबर

नाशिकहून सुचित्राच्या भावाचा फोन आला. तेवीस नोव्हेंबरला त्याची साठीशांत आहे. ह्या भावानेच तिला शिकवलं, आई गेल्यावर त्याच घरात ती वाढली. फोन झाल्यावर मी विचारलं, “जायचंय का तुला?” ती म्हणाली, “नको. ईशानीची बारावी आहे, तुमचं ऑफिसचं असं. कुठे आता.” मी बरं म्हटलं. समजूतदार बाई आहे. पंचवीस वर्षांत तिने स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. दुसऱ्यांच्या बायकांच्या तक्रारी ऐकल्या की मी मनातल्या मनात हात जोडतो.

आज पुन्हा बिस्किटाला नको म्हटलं गेलं. जिभेला सवयच आहे.

शनिवार, २१ सप्टेंबर

बाईंनी दुबईला घरी बोलावलं होतं. तुम्ही आणि सुचित्रा, शनिवारी साडेसात वाजता, कॉफीला. मी सुचित्राला म्हटलं, साडेसातला बोलावतात म्हणजे जेवणच. कॉफी म्हणणं ही नम्रता. आपण नाही का ‘चहाला या’ म्हणून पोहे, लाडू, चिवडा पुढे ठेवत? दुपारी हलकं जेवलो, बेत काय असेल त्याचे अंदाज बांधत गेलो.

कॉफी मिळाली. सोबत सफरचंदाच्या केकचा एक तुकडा. स्वयंपाकघर आमच्यासमोरच होतं, आणि तिथे एकही भांडं गॅसवर नव्हतं. बाई सहाला जेवून, भांडी घासून बसल्या होत्या.

पुढचं लिहायला मला संकोच वाटतो. बाईंनी सुचित्राला विचारलं, आणखी केक? आणि सुचित्रा पहिल्याच विचारण्याला “येस, प्लीज” म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मग चीजचे चौकोनी तुकडे आणि मोहरीची चटणी आली. मी नको म्हटलं, ती हो म्हणाली. खारे शेंगदाणे आले. मी नको म्हटलं, ती हो म्हणाली. लोकांच्या घरी पहिल्यांदा जाऊन असं करणारी ही बाई आपलीच का, असं मला झालं.

बाई प्रश्नही फार सरळ विचारतात. “सुचित्रा, इथे कशाची आठवण येते?” सुचित्रा म्हणाली, “माय ब्रदर. नोव्हेंबरमध्ये त्याला साठ वर्षं होताहेत. आय वुड लव्ह टु गो.” परक्या बाईसमोर काहीतरी बोलायचं म्हणून बोलली असेल. तिला जायचं नाही, हे तिनेच मला सांगितलंय.

परतताना शारजात शिरल्या शिरल्या मी गाडी थांबवून दोन शवर्मा घेतले. सुचित्रा म्हणाली, “माझं पोट भरलंय.” मग दोन्ही मीच खाल्ले, पनीरचे होते.

ईशानीला हकीकत सांगितली, तर ती म्हणते, “बाबा, शी आस्क्ड, यू सेड नो. व्हॉट इज द प्रॉब्लेम?” सतरा वर्षं आपल्या घरात वाढली, पण आपलं काही शिकली नाही.

बुधवार, २५ सप्टेंबर

आज मोठी गोष्ट झाली.

बाईंनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाल्या, “मी तीन आठवडे बघितलं. इथे पंप कळणारा माणूस तुम्ही आहात. सर्व्हिस मॅनेजरची जागा मी तुम्हाला देऊ इच्छिते. तुम्हाला हवी आहे का?”

एकोणीस वर्षांचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, “मॅडम, मी कसला एवढा मोठा. निखिल यंग आहे, त्याला कॉम्प्युटर येतो. त्याला द्या.”

“म्हणजे तुम्हाला नको आहे?”

“ॲज यू थिंक राइट, मॅडम.”

बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. मग म्हणाल्या, “ओके. क्लिअर. प्रामाणिकपणे सांगितलंत, थँक यू.” आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या.

आता त्या पुन्हा विचारतील. मी आणखी एकदा निखिलचं नाव घेईन, तिसऱ्यांदा त्यांनी जोर केला की मान डोलवीन. शिवाय हा पितृपक्ष. नवं काही ठरवायला हे दिवस बरे नव्हेत, तेव्हा दोनचार दिवस लागले तर बरंच.

संध्याकाळी सुचित्राला आनंदाने सांगितलं. ती कणीक मळत होती, तिचे हात थांबले.

“तुम्ही नको म्हणालात?”

“तसं नको नव्हे गं. आपण म्हणतो ना तसं.”

“अहो, त्यांना कुठे माहीत आहे आपण कसं म्हणतो?”

“एवढी मोठी कंपनी चालवणारी बाई आहे. माणसं ओळखता येत असतील की.”

ईशानीने हेडफोन काढून विचारलं, “वेट, बाबा सेड नो? टु द जॉब?” मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बायकांना ऑफिसचं राजकारण कळत नाही.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

बाईंनी विचारलं नाही. जरा दमानं घेत असतील.

सोमवार, ३० सप्टेंबर

विचारलं नाही. मी दोनदा केबिनवरून मुद्दाम गेलो. दुसऱ्यांदा त्यांनी हाक मारली, मी शर्ट नीट करून आत गेलो. त्यांना एसीचा रिमोट सापडत नव्हता.

घरी लॅपटॉपवर मुंबईच्या विमानांच्या वेळा उघड्या होत्या. ईशानीच्या मैत्रिणीचं कोणी येत असेल.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आज घटस्थापना. माझा उठता-बसता उपास, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. आणि नेमका आजच बाईंच्या गावी, लायडनला, सण. साडेचारशे वर्षांपूर्वी शत्रूचा वेढा उठला तेव्हा उपाशी गावाने गाजर, कांदे आणि कंदांचं कालवण खाल्लं म्हणे, त्याची आठवण. त्यासाठी बाईंनी पहाटे उठून पातेलंभर ‘हुत्स्पॉट’ केलं होतं. बटाटे, गाजर आणि कांदा एकत्र उकडून घोटायचं, झालं. फोडणी नाही, मिरची नाही. सोबत पांढरा ब्रेड आणि हेरिंग मासा. मासा कच्चा. वर चिरलेला कांदा. बाईंनी शेपटीला धरून डोकं मागे टाकलं आणि मासा तोंडात सोडला.

अजीजभाईंचा जन्म समुद्रकाठचा, दापोलीकडचा. तेसुद्धा दोन पावलं मागे सरकले. मग बिस्मिल्ला म्हणून त्यांनी एक तुकडा खाल्ला, सावकाश चावला आणि म्हणाले, “मीठ बरोबर आहे. बस आग राहिली.”

माझ्यापुढे बशी आली. मी म्हटलं, “मॅडम, आज माझा उपास आहे.” बाई म्हणाल्या, “ओके,” आणि बशी पुढे गेली. चेहऱ्यावर नाराजी नाही, थोडंसं तरी घ्या नाही, माझ्यासाठी एक घास नाही. खरं सांगतो, बरं वाटलं. आपल्या जातभाईंत हेच सांगायला मला अर्धा तास लागतो. खरोखर नको असेल तर ह्या लोकांची पद्धत सोयीची आहे.

माझी साबुदाण्याची खिचडी बाईंनी चाखली. म्हणाल्या, “शेंगदाणे चांगले आहेत. बाकीचं डिंकासारखं. मला नको.” तोंडावर. मग माझ्या लक्षात आलं की मोदक चांगला म्हणाल्या होत्या तेही खरंच म्हणाल्या होत्या. ही बाई जे बोलते तेच तिला म्हणायचं असतं. मग मी पंचवीस तारखेला जे बोललो, तेही तिने तसंच घेतलं असेल का?

सोमवार, ७ ऑक्टोबर

निखिल दुपारी माझ्याकडे आला. जरा घुटमळला. म्हणाला, “सर, हानेकेने मला सर्व्हिस मॅनेजरचं विचारलं. मी हो म्हणालो. तुम्हाला इंटरेस्ट नाही असं त्या म्हणाल्या. खरं आहे ना, सर?”

“अरे, खरंच आहे. माझं काय आता,” मी म्हणालो. पाहा, तरीही जिभेवर तेच आलं. त्याचं अभिनंदन केलं, पाठीवर थाप मारली आणि स्टोअरमध्ये जाऊन बसलो. तेल गेलं, तूपही गेलं.

अजीजभाईंनी रॅकमागून कावा, म्हणजे अरबी कॉफी, ओतून आणला. मी सगळं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, ते हसले नाहीत.

“गुणवंतभाई, ही बाई बिस्किटाला दोनदा विचारते का?”

“नाही.”

“मग नोकरीला विचारेल? मला विचारलं, अजीज, स्टोअर सांभाळणार का? मी म्हटलं, यस मॅडम, हंड्रेड पर्सेंट, इन्शाल्ला. वाक्य पुरं होऊ दिलं नाही मी तिचं.”

“तुम्हाला लाज नाही वाटली?”

“वाटली ना. घरी जाऊन वाटली. तवर काम झालं होतं.” त्यांनी माझा कप पुन्हा भरला, न विचारता. “आत जा. सरळ माग. जास्तीत जास्त काय, नाही म्हणेल. आणि ती नाही म्हणाली की ते नाहीच असेल, तुला परत परत जायचा त्रास नाही.”

घरी सुचित्राला सांगितलं. ती माझ्याजवळ बसली. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “तुम्हाला हवं होतं ना?” मी हो म्हटलं. हे एका अक्षराचं उत्तर मी गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा दिलं, तेही चुकीच्या बाईला.

मला भीती वाटते आहे. एकोणीस वर्षांनी पेट्या कशा बांधायच्या तेही आठवत नाही.

बुधवार, ९ ऑक्टोबर

सकाळी गाडीत वाक्य पाठ केलं. ‘मॅडम, मला ती जागा हवी होती.’ औद्योगिक क्षेत्राच्या सिग्नलपर्यंत दहा वेळा म्हटलं. शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, “भाई, सब ठीक?”

केबिनमध्ये उभ्या उभ्याच बोलून टाकलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

“मग नाही का म्हणालात?”

मी सांगितलं. आमच्याकडे पहिल्यांदा हो म्हणणारा हावरट ठरतो. पहिलं नाही हे नाही नसतं, दुसरंही नसतं. विचारणाऱ्याने पुन्हा विचारायचं असतं. त्यातून कळतं की त्याला खरोखर द्यायचं आहे.

“किती वेळा?”

“तीन.”

“आणि कुणाला खरंच नको असेल तर? ते कसं ओळखता?”

“चेहऱ्यावरून कळतं, मॅडम.”

बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी त्या दिवशी तुमचा चेहरा पाहिला होता, गुणवंत. तुम्ही खूप आनंदात दिसलात. मला वाटलं, सुटका झाली म्हणून.”

आनंदात होतोच मी. मला विचारलं होतं ना.

“ती जागा निखिलला दिली आहे,” बाई म्हणाल्या. “तो हो म्हणाला, मी हो म्हणाले. ते आता बदलणार नाही.” इतकं स्पष्ट कधी कुणी मला नाही म्हटलं नव्हतं. मी वळणार इतक्यात त्या पुढे म्हणाल्या, “पण नव्या शेडमध्ये तीनशे पंप येताहेत आणि निखिलला कानाने पंप ऐकता येत नाही. त्याच्या हाताखाली सीनियर टेक्निशियनची जागा मी काढू शकते. पगार आत्ताचाच, व्हिसा चालू राहील. बॉस निखिल असेल. आता तुम्हाला माहीत आहे, मी एकदाच विचारते. तुम्हाला...”

“येस,” मी म्हणालो.

ज्या मुलाला मी पाना कसा धरायचा ते शिकवलं, तो माझा साहेब. बोलून झाल्यावर ते टोचलं. पण बोलताना टोचलं नाही, अजीजभाई म्हणाले होते तसंच.

बाईंनी खणातून डबा काढला. झाकण उघडलं. “बिस्किट?”

“येस, मॅडम.”

कपावर ठेवून मऊ करून खाल्लं. चांगलं असतं. बाई झाकण लावायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, “मॅडम, आणखी एक घेऊ?” त्यांचा हात हवेतच थांबला. असं त्यांच्यात कुणी मागत नसावं. मग त्या मोठ्याने हसल्या आणि डबा माझ्याकडे ढकलला.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी गाडीला आणि माझ्या जुन्या स्क्रू ड्रायव्हरला झेंडूचं फूल वाहिलं. सुचित्राने श्रीखंड-पुरी केली. संध्याकाळी निखिल सोनं द्यायला घरी आला, वाकून नमस्कार केला. म्हणाला, “सर, तुम्ही नसाल तर मी एक पंप उघडू शकत नाही.” मी म्हटलं, “माहीत आहे.” पूर्वी मी ‘छे छे, तसं काही नाही’ म्हटलं असतं.

जेवणं झाल्यावर ओट्यावरच्या पातेल्यात श्रीखंड थोडंच उरलं होतं, वाटीभर. मी झाकण हातात घेतलं आणि सवयीने सुचित्राला विचारलं, “घेतेस?”

“नको,” ती म्हणाली.

माझा चमचा पातेल्यात गेलासुद्धा होता. तिथेच थांबला. कोण जाणे का, मला बाईंची केबिन आठवली, आणि तो डबा खणात जाताना होणारा टक्क असा आवाज. हा आवाज ह्या घरात किती वर्षं होतोय?

“घे ना,” मी म्हटलं.

“नको हो, तुम्ही घ्या.”

“सुचित्रा, तुला आवडतं. घे.”

ती माझ्याकडे नीट बघायला लागली, ताप आलाय का बघतात तशी. मग तिने वाटी पुढे केली. मी सगळं तिच्या वाटीत काढलं, पातेलं निपटून. ती उभ्या उभ्याच खायला लागली, आणि मी, एवढं जमलंच आहे तर, म्हणून विचारलं, “नाशिकला जायचंय का तुला?”

“नको. ईशानीची बारावी...”

“बारावी फेब्रुवारीत आहे. जायचंय का?”

“तुमचं नवीन काम, घरात दोघांचं खाणंपिणं...”

“सुचित्रा, तिसऱ्यांदा विचारतोय. तुला भावाकडे जायचंय का?”

तिने वाटी खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं, डोळेही पुसले. म्हणाली, “एकवीस तारखेला गुरुवारी दुपारचं विमान आहे. शारजाहून मुंबई. तिथून दादा गाडी पाठवतोय.”

“हे कधी बघितलंस?”

“फोन आला त्याच दिवशी.”

आतून ईशानीचा आवाज आला. “फायनली. बाबा, डोन्ट वरी, वी विल ईट ब्रेड अँड हागेलस्लाख फॉर टेन डेज.” शेवटचं अक्षर तिने अगदी बरोबर काढलं.

मी सुचित्राला म्हटलं, “मग महिनाभर बोलली का नाहीस?”

“तुम्ही एकदाच विचारलंत,” ती म्हणाली.

झाकण अजून माझ्या हातात होतं. ते मी ओट्यावर ठेवलं आणि दुसरं पातेलं उघडून बघितलं, तिच्यासाठी आणखी काही उरलंय का.